खड्ड्यावरचा शिंगाळा

आजीनं हाताला फडकं गुंडाळलं, टबातल्या शिंगाळा माशाला काटे चुकवून धरलं आणि अंगठ्यानं त्याचं पोट दाबून पाहिलं. मऊ, फुगीर लागलं.

"गाबोळी आहे. अंड्यांनी भरलेली," ती म्हणाली आणि चाकू मागितला.

मासळीबाजारात तिच्या अंगठ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मासा न चिरता ती पोटातलं सांगायची आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी पुढं करायचं. जावयाचं काम मासा पकडण्यापुरतं. माशाच्या पोटातल्या भानगडी त्याला कुठून कळणार?

हा मासा त्यानं सकाळीच आणला होता, सासूसाठी. सासू आली होती ती मात्र नातीला न्यायला. लेक गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि पुरुषमाणसाच्या हातून पोर वाढत नाही, हे आजीनं चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुनावून टाकलं होतं. चिंगीच्या कपड्यांची पिशवीही तिनंच भरली. जावयाच्या तोंडून हो निघालं नाही, आणि नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो चाकू आणायला उठला, तेही रेंगाळत.

चिंगी टबावर ओणवी झाली होती. माशाबरोबर टबात नदीचं पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. सगळी माशाच्या पोटाखाली शिरत होती.

"आजी, ती पितायत," चिंगी म्हणाली.

मासा म्हणजे काय गाय आहे, असं आजी म्हणाली खरी, पण चष्मा लावून वाकली. पोर खोटं बोलत नव्हती. पिल्लं पोटाला तोंड लावत होती, बाजूला होत होती, पुन्हा लागत होती. तिनं पोटावरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरट, चिकट काहीतरी लागलं. उभा जन्म मासळीत गेला, पण हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्यापर्यंत मासे यायचे ते मेलेले, पिल्लांवाचून. असली मऊ पोटं तिनं चिरली मात्र होती. गाबोळी निघाली नाही की मासा आजारी म्हणून ती गुपचूप बाजूला टाकायची, आणि हे काही कुणाला सांगत बसायची नाही.

जावई चाकू घेऊन आला तेव्हा तिघंही टबाभोवती बसली. कुणाला चाकूची आठवण राहिली नाही. कुठं सापडला, कसा सापडला, असं आजी खोदून खोदून विचारू लागली. काठाजवळ तळाच्या गाळात खड्डा होता, मासा त्यावर बसून होता, जावयानं वरून टोपली घातली आणि पाण्यासकट त्याला टबात घेतलं. मासा जागचा हललाच नाही, याचं त्यालाही नवल वाटलं होतं. पळाला असता तर हाती लागला नसता.

"पळेल कशी? आई आहे ती," आजी म्हणाली. आयताच मुद्दा हाती आला होता, तो ती थोडीच सोडणार. "बघा जावईबापू, मुक्या जिवालाही कळतं हे. लेकरू आईपाशी वाढतं. आई नसली तर आजीपाशी. बापाचं काम नाही ते."

जावयानं मान खाली घातली. डोळे भरले होते ते सासूला दिसू नयेत, एवढीच त्याची धडपड होती. पण तिला दिसले.

कसनुसं होऊन तिनं मासा हलकेच कुशीवर केला, चिंगीला पोट नीट दिसावं म्हणून. आणि तिचा हात थांबला. पोटाच्या शेवटी, शेपटीच्या अलीकडं, बारीकसं टोक होतं. मादीला ते नसतं. हे तिला कळत होतं. जावयाला नाही, पोरीला तर नाहीच. मासा पुन्हा पालथा केला की झालं.

तिनं मासा पालथा केला नाही. टबातलं पाणी कोमट होऊ लागलं होतं.

"नर आहे हा," शेवटी ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "बाप आहे. चला, नेऊन सोडा याला, उन्हं चढायच्या आत."

जावयानं टब उचलला. मागून चिंगीचं बोट धरून आजी काठापर्यंत गेली. गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं टब अलगद तिरका केला. मासा पिल्लांसकट खाली उतरला, खड्ड्यावर एक फेरी मारून गाळात टेकला आणि स्थिर झाला. तिघंही पाहत राहिली.

मासा कसा जगतो हे सकाळपासून शंभरदा विचारलं, पण या माणसाला आपण कधी काहीच विचारलं नाही, असं आजीच्या मनात आलं.

"रात्री हिला आईची आठवण येते," ती म्हणाली. "उठून रडते. तेव्हा तुम्ही काय करता?"

तो पाण्यातच उभा होता. हे कुणी विचारेल असं त्याला वाटलंच नसावं.

"मलाही येते, मामी," तो म्हणाला. "मग बसतो दोघं."