खांबाजवळचा बुक्का

कीर्तन रंगात आलं आणि खांबाजवळ सत्यम येऊन बसला. तात्यासाहेबांनी ओळखलं, दुपारची गोळी चढली. त्यांनी चिपळ्या सावरल्या आणि अभंगाचं पुढचं चरण उचललं.

त्यांच्या आजाराला डॉक्टर पार्किन्सन म्हणत, गल्ली कंपवात म्हणे. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी गोळी देतानाच बजावलं होतं, "हात थांबेल, बुवा. पण कधीकधी नसलेली माणसं दिसतील. दिसली की सांगा, गोळी कमी करू."

हात थांबला. माणसंही दिसू लागली. तात्यासाहेबांची त्यांच्याविषयी तक्रार नव्हती. ती बोलत नसत, मोबाइल बघत नसत, आरतीआधी चपला शोधायला उठत नसत. खऱ्या श्रोत्यांपेक्षा बरीच म्हणायची.

सत्यम त्यांचा मुलगा. शेंद्र्याला कंपनीत होता, तिथंच खोली करून राही. तात्यासाहेबांनी एकदा भर कीर्तनात त्याच्या नापास होण्याचा दृष्टांत दिला. मंडप हसला. "तुमच्या कीर्तनाला परत बसलो तर नाव बदला माझं," म्हणून तो जो उठला, तो घरीही आला नाही. आता दर एकादशीला खांबाजवळ बसायचा तो गोळीचा सत्यम.

ऐकायला बसला त्याला बुक्का लावायचा, हा तात्यासाहेबांचा नेम. सगळ्यांना लावून झालं की ते खांबाकडं जात आणि हवेत अंगठा टेकवत. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर काळा डाग पडे. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई ओल्या फडक्यानं तो पुसत, मग चादर घरी नेऊन धूत.

"डॉक्टरला सांगा की एकदा," त्या म्हणत.

"अन् गोळी कमी केली त्यानं, तर? पोरगं यायचं बंद होईल."

आजही कीर्तन संपल्यावर ते खांबाशी वाकले. सवयीनं अंगठा पुढं केला. अंगठा मधेच अडला. कपाळ होतं, घामेजलेलं.

"नीट लावा, तात्या," सत्यम म्हणाला. "माय फोनवर म्हणली, चादर धुऊन धुऊन हात दुखाया लागले तिचे."

मनकर्णाबाई फडकं घेऊन आल्या. चादर कोरी होती.