चार तासांचा पॅरोल

ट्रॉलर कीर्तनखोला नदीच्या मध्यावर आल्यावर फौजदाराने माजी मंत्री मोफज्जल हावलादारांच्या बेड्या काढल्या.

"चहा घ्या, काका," तो म्हणाला. कालपर्यंत हाच माणूस त्यांना नुसतं आडनावाने पुकारायचा.

आई वारली, दफनासाठी चार तासांचा पॅरोल, एवढंच तुरुंगात सांगितलं होतं. न्यायला बायकोचा भाऊ इद्रिस आला होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"शेवटी काही बोलली का रे आम्मा?"

"नाही, दुलाभाई."

मोफज्जल पाण्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांचं राजकारण, पाच वेळा तुरुंग. पहिल्यांदा सुटून आले तेव्हा आम्माने दारातच खिचडीचं ताट हातात दिलं होतं. खासदार झाले तेव्हा अख्खं गाव हार घेऊन आलं, ती एवढंच म्हणाली, "आता तरी घरी जेवशील?" पुढे मंत्री झाले, आणि तेही राहून गेलं.

"मी कसला मुलगा रे, इद्रिस! देशभर आयाबहिणींच्या नावाने भाषणं ठोकली, आणि घरातली..."

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तौसीफला कळवलंस?"

तौसीफ त्यांचा एकुलता एक. बायको गेल्यावर आम्मानेच वाढवलेला, ढाक्यात शिकणारा. राजकारणात पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांनी त्याला शपथ घातली होती. त्यावरून तो रुसलाही होता.

"आलाय. सकाळीच पोचला."

"मग मला न्यायला नाही आला? राग गेला नाही वाटतं अजून."

"लोक आहेत त्याच्याभोवती," इद्रिस म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

घाटावर माणसं मावत नव्हती. घोषणा मात्र एकही नाही. जुने कार्यकर्ते गळ्यात पडून हमसाहमशी रडले. ढाक्याहून कॉलेजची पोरंही आली होती. एकाच्या डोक्याला पट्टी होती.

"काय रे हे?"

"मोर्चात लागलं, काका." पोराने मान वर केली नाही.

म्हातारीच्या मातीला इतक्या लांबून पोरं आली, या विचाराने मोफज्जलना भरून आलं.

अंगणात पांढऱ्या चादरीखाली मयत ठेवलं होतं. ते मटकन खाली बसले आणि चादरीवर त्यांनी कपाळ टेकवलं. "आम्मा, माफ कर गं मला."

मागून कुणीतरी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"मोफू," आम्मा म्हणाली, "ऊठ बाबा. पोराचं तोंड बघून घे."