कंबरभर पाण्यातला धडा

तिसऱ्या खेपेला ती सर्फिंगच्या बोर्डवर उभी राहिली. तीन सेकंद, फार तर चार. गुडघे वाकलेले, हात पसरलेले आणि पायांखालून समुद्र सरकतोय. मग बोर्ड निसटला, ती तोंडावर आपटली आणि पाण्याचा मोठा घोट थेट पोटात गेला.

वर आली ती हसतच. शिकवणारीने लांबून दोन्ही अंगठे उंचावले. कंबरभर पाण्यात उभी असलेली नऊ वर्षांची लेक टाळ्या पिटत होती. "आई, जमलं! उभी राहिलीस तू!"

आणि मग ती चव जिभेवर पसरली.

नुसती खारट नव्हती. खारटाच्या खाली आणखी काहीतरी होतं, गुळमट, कुजकं. ती थुंकली. पुन्हा थुंकली. चौदा वर्षं ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत होती. रोज कुठून कुठून आलेल्या बाटल्यांची झाकणं उघडायची. हा वास तिने डोळे मिटूनही ओळखला असता.

सकाळीच तो नाकाला झोंबला होता. पण तेव्हा ती भाड्याचा रबरी सूट अंगात चढवत होती. कुणाकुणाच्या घामाने चिकट झालेला, आतून अजून ओला. तिला वाटलं, त्याचाच वास. नवऱ्याला म्हणालीही. "सुट्टीवर आलीयस," तो म्हणाला होता, "नाक ऑफिसात ठेवून यायचंस." ती हसली होती.

आता तिने किनाऱ्याकडे नीट पाहिलं. हॉटेलच्या मागच्या भिंतीखालून एक रुंद पाइप बाहेर आला होता. त्यातून निघालेली राखाडी धार वाळू कापत बरोबर त्यांच्या समोरच समुद्राला मिळत होती. तिथला फेस पिवळट होता आणि त्यात ओल्या कागदाचे लगदे तरंगत होते. एक लगदा तिच्या दंडाला चिकटलेला होता. तिने तो नखाने खरवडून काढला.

"बाहेर चल. आधी बाहेर चल!" तिने लेकीला हाताला धरून ओढलं.

"का गं? आता माझा नंबर आहे."

"पाणी गिळलंस?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

लेक गोंधळली. "सगळेच गिळतात, आई. बाबा म्हणाले, त्याशिवाय शिकता येत नाही."

वाळूत पोचल्यावर तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून लेकीला चुळा भरायला लावल्या. शिकवणारी धावत आली. उन्हाने नाक सोललेली, रुंद खांद्यांची बाई.

"काय झालं, ताई?"

"तो पाइप कसला आहे?"

शिकवणारीने वळूनही पाहिलं नाही. "मैल्याच्या टाकीचा. काल पंप जळला, तेव्हापासून टाकी भरून वाहतेय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी सकाळीच सांगितलं होतं, आजचा क्लास नको म्हणून. बाकीचे दोघं म्हणूनच आले नाहीत."

"कुणाला सांगितलं होतं?"

"साहेबांना. तुम्ही खोलीत आवरत होतात. ते म्हणाले, एवढ्याने काही होत नाही." ती अडखळली. "आणि म्हणाले, बायकोच्या कानावर घालू नका. ऐकलं की सगळ्यांच्या सुट्टीवर पाणी फिरवेल."

"आणि तुम्ही आम्हाला घेऊन आलात. या पोरीला घेऊन आलात."

शिकवणारी बोर्डची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"बघ! इकडे बघ!" समुद्रातून हाक आली. "व्हिडिओ काढ!"

नवरा उभा राहिला होता. पोट आत ओढून, तोंड सताड उघडं टाकून तो लाटेवरून येत होता. ऑफिसात सगळ्यांना सांगून आला होता, उभा राहिल्याशिवाय परतणार नाही म्हणून. धारेजवळ येऊन तो पडला, पिवळ्या फेसातून वर आला आणि लेकीला हसवायला त्याने तोंडातल्या पाण्याचं कारंजं उडवलं.

लेक हसली नाही. ती आईकडे बघत होती.

तो निथळत बाहेर आला. "काढलास ना?"

"तुला माहीत होतं."

त्याने शिकवणारीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. "अगं, एवढा मोठा समुद्र! त्यात बादलीभर घाण कुठे कळतेय? वर्षभर तेच हुंगत असतेस. म्हटलं, चार दिवस तरी…"

"ही पण पाण्यात होती."

"काही होत नाही गं तिला. हो की नाही, पिल्लू?" त्याने लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

तिने लेकीला मागे ओढलं. ठरवून नाही, हातानेच ते केलं.

किनाऱ्यावरच्या उघड्या शॉवरखाली तिने लेकीला साबण लावला. केसांत, कानांमागे, नखांखाली. मग धुऊन पुन्हा लावला. लाटेवरचे ते तीन सेकंद तिने आठवायचा प्रयत्न केला. चवच आठवली.

शेजारच्या शॉवरखाली तो येऊन उभा राहिला. "दे जरा साबण."

तिने दिला. तो शीळ घालत अंगाला फेस करू लागला. तिच्याकडे नजर गेली तशी शीळ मध्येच थांबली. त्याने भराभर अंग धुतलं आणि साबण परत पुढे केला. त्यावर त्याच्या छातीचा एक केस चिकटला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडेच ठेव."

लेकीला टॉवेलात गुंडाळून ती हॉटेलच्या पायऱ्या चढू लागली. तो तळहात पसरून तसाच उभा होता. वरून पाणी पडत होतं आणि साबणाचा फेस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता.