बघितलेली ठिकाणं

हे जहाजावरच्या नोकरीतून रिटायर झाले, तेव्हा मी म्हटलं, आता मलाही क्रूझवर न्या. मग दोघं लॅपटॉपवर एकेक ठिकाण बघत बसलो. समुद्रातून सरळ वर गेलेला एक हिरवागार कडा आला, तसे हे खुर्चीतून पुढे सरकले.

"अगं, केवढा आहे हा!"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इथल्याच बंदरातून दर वर्षी ह्यांचा फोन यायचा. "झकास जागा आहे, तुला एकदा आणतो," म्हणायचे.

पुढचं बेट पांढऱ्या घरांचं. तिथूनही फोन यायचा. हे पुन्हा आ वासून बघत बसलेले.

मी लॅपटॉप मिटला. "नोकरीच्या नावाखाली इतकी वर्षं होतात तरी कुठं? खरं सांगा."

"खाली, इंजिनपाशी," हे म्हणाले. "तिथं खिडकी नसते."