पाण्यातली चाल

“हा कुत्रा धावेल,” धम्मदिना म्हणाली. “आज लिहून देते.”

मनोज साहेब हसले. ते एका सिक्युरिटी कंपनीचे सुपरवायझर. पूर्णा आणि मानकोलीकडच्या गोडाऊनना त्यांची कंपनी पहारा पुरवायची, माणसांचाही आणि कुत्र्यांचाही. समोर गोणपाटावर पडला होता तो कंपनीचा ब्रूनो, सहा वर्षांचा अल्सेशियन. रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनर ट्रकने त्याचा मागचा उजवा पाय मोडला होता. हाड जुळलं होतं, पण पाय लोंबत होता.

“पाण्यात चालवून पाय सुधारतो होय, मॅडम?”

“माणसांचा सुधारतो. कुत्र्याने काय घोडं मारलंय?”

“बघा बुवा. फिट झाला तर गुजरातेतल्या बंदरावर ड्युटी आहे त्याची. नाही झाला, तर लंगडा कुत्रा कंपनी पोसत नाही.”

साखळी हातात घेऊन काळूराम भिंतीशी उभा होता. गणेशपुरीकडचा हा पन्नाशीचा माणूस, ब्रूनो पिल्लू होता तेव्हापासून त्याला सांभाळणारा. तो खाली बघत राहिला.

धम्मदिनाच्या गाळ्याला हसणारे मनोज साहेब एकटेच नव्हते. गुरांची डॉक्टर झालेली मुलगी सरकारी नोकरी सोडून गोडाऊनच्या रांगेत कुत्र्यांना पाण्यात चालवते, हे तिच्या सख्ख्या भावालाही पटलं नव्हतं. तिने कुणाचं ऐकलं नाही. काचेची टाकी आणली, तळाला फिरता पट्टा बसवला, पाणी कोमट करायची सोय केली आणि शटर उघडलं.

पहिल्या दिवशी ब्रूनो टाकीत उतरायलाच तयार नव्हता. काळूरामने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः आधी उतरला. मग ब्रूनो उतरला. पोटापर्यंत पाणी, अंगात नारिंगी जॅकेट. पट्टा हळूहळू फिरू लागला. तीन पाय चालायचे, चौथा नुसता तरंगायचा. धम्मदिना बाहेरून हात घालून तो पाय पट्ट्यावर टेकवायची. तो पुन्हा उचलायचा. ती पुन्हा टेकवायची.

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी पाय आपला आपण टेकला.

“टेकला, मॅडम,” काळूराम म्हणाला. ओल्या हाताने त्याने ब्रूनोच्या कपाळावरून हात फिरवला. मग तोंड दुसरीकडे वळवलं.

“काय झालं, भाऊ?”

“काय न्हाय. बंदरावर म्हणं दिवसभर पिंजऱ्यातच ठेवतात. रातच्याला सोडतात फक्त ड्युटीला.” त्याने ब्रूनोचं जॅकेट उगाच नीट केलं. “मला न्हाय नेणार. तिकडं दुसरा माणूस हाय.”

धम्मदिनाने पट्ट्याचा वेग थोडा वाढवला.

“आधी बरा होऊ दे,” ती म्हणाली.

पुढे टाकीतलं काम कमी झालं आणि जमिनीवरचं वाढलं. त्या वेळी ती शटर अर्धं खाली ओढून घ्यायची. असंच एकदा मनोज साहेब न सांगता आले आणि वाकून आत शिरले. ब्रूनो मधोमध उभा होता. त्याने उजवा पाय वर उचलला, की धम्मदिना पाठीशी धरलेला हात पुढे आणून त्याच्या तोंडात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकत होती.

“पाय टेकवायचा सोडून उचलायला शिकवताय?”

“तोल सांभाळायचा व्यायाम आहे. कळत नसेल तर मध्ये बोलू नका.”

साहेबांचा चेहरा उतरला. “मॅडम, जरा जपून. आमच्या बड्या साहेबांना सांगून बसलोय की तुम्ही खात्री दिलीय.”

“मग रविवारी या. एकटे नको, चार माणसं घेऊन या. सगळ्यांसमोर धावेल.”

ते गेल्यावर काळूराम तिच्याकडे बघत राहिला. “मॅडम, इतकं कशाला बोललात?”

“बोलायलाच पाहिजे होतं,” ती म्हणाली.

रविवारी साहेब खरंच माणसं घेऊन आले. कंपनीचे दोघे होते, शेजारच्या गोडाऊनचा मॅनेजर होता. चहा पिणारे ड्रायव्हरही उठून जवळ आले. कुणीतरी मोबाईल वर धरला. धम्मदिना दोन्ही हात पाठीशी बांधून गाळ्याच्या दारात उभी राहिली.

“सोड रे,” साहेब म्हणाले.

काळूरामने साखळी सोडली. ब्रूनो चार पावलं नीट गेला. मग त्याने धम्मदिनाकडे मान वळवून पाहिलं आणि उजवा पाय वर घेतला. गोडाऊनच्या भिंतीच्या टोकापर्यंत तो तीन पायांवरच उड्या मारत गेला. परत आला तोही तसाच.

ड्रायव्हर हसले. मॅनेजर म्हणाला, “इससे अच्छा तो मेरा स्कूटर चलता है.”

“मॅडम, याला धावणं म्हणतात?” साहेबांनी विचारलं.

धम्मदिनाचा चेहरा लाल झाला होता. “चुकले मी,” ती म्हणाली. “आणखी काही सुधारणा होईल असं वाटत नाही.”

“माणसाने झेपेल तेवढंच बोलावं.” साहेब काळूरामकडे वळले. “आजपासून हा कंपनीचा नाही. तुला न्यायचा तर घेऊन जा घरी. नाहीतर गाडी पाठवून त्याची कायमची सोय करतो.”

“नेतो, साहेब,” काळूराम खाली बघत म्हणाला.

माणसं पांगली. साहेबांची गाडी धूळ उडवत मानकोलीच्या रस्त्याला लागली, ट्रेलरच्या रांगेत दिसेनाशी झाली. धम्मदिना तिथेच उभी होती. काळूरामही हलला नाही. ब्रूनो तीन पायांवर उभा राहून तिच्याकडे एकटक बघत होता.

मग धम्मदिनाने पाठीशी बांधलेले हात सोडले, आणि ब्रूनो चारही पाय टाकत मागच्या मोकळ्या शेतात सुसाट पळत सुटला.