शेवटची लिंक

द्वारकेत वाढलेल्या प्रतीकचं मराठी बेताचंच. प्रोजेक्टच्या माहितीची मार्कडाउन फाइल, म्हणजे साध्या खुणांनी शीर्षकं आणि लिंक देता येणारी मजकुराची फाइल, टीममधली चेतनाच तपासणार, हे हेरून त्याने शेवटच्या शीर्षकात एक अक्षरही न लिहिता नुसता लाल बदामाचा इमोजी ठेवला आणि वर अनुक्रमणिकेत त्याची लिंक दिली.

दुपारी चेतना त्याच्या टेबलापाशी आली. "यार प्रतीक, तुझी शेवटची लिंक कुठेच जात नाहीये."

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "कुठेच नाही?"

"शीर्षकावरून लिंक बनताना इमोजी गळून पडतो, शब्द तेवढे उरतात. तू शब्दच लिहिले नाहीस, तर ती बिचारी जाणार कुठे?"

"मग... काढून टाकू?"

"काढतोस कशाला? शब्दांत लिही. आणि मराठीत हं, आईला दाखवायचंय."