पिवळा चीक

२०२२ साली अड्याळची दामिनी बाळंतीण झाली, त्याच दुपारी सासूबाई ललिताबाई दवाखान्यात गूळपाणी घेऊन आल्या. “पहिल्या दुधाचा पिवळा चीक पिळून फेक, हेच पाज पोरीले.” दामिनी नागपूरला दुधावरच संशोधन करायची. “आई, दुधातल्या काही आरएनएपासून प्रथिन बनत नाही, पण माझ्या पेशींचा निरोप ते बाळाच्या पेशींना देत असावेत. आम्ही शोधून राहिलो.” “शोध लागला की पाजजो.” कोपऱ्यात बसलेल्या दामिनीच्या आजी दुर्गाबाई ताडकन उठल्या. “माह्या सासूनं चीक फेकवला, चौथ्या दिवशी लेक गेली. तिले कोणता निरोप पोचला नाही, सांगा विहीणबाई.” गूळपाणी बेसिनमध्ये ओतून त्यांनी बाळ दामिनीच्या छातीशी लावलं. दामिनीचा शोध अजून चालूच आहे. पोरगी अंगणवाडीत जाते. ललिताबाईंनी वर्षभर अबोला धरला. दुर्गाबाई नव्वदीच्या झाल्या. आपल्या सासूच्या फोटोला त्यांनी आजतागायत हार घातलेला नाही.